आजोबांचं आडनाव ङ

क ख ग घ म्हणताना शेवटचा ङ आपण घोकून सोडून देतो. वाङ्मय वगळलं तर त्याची गाठ क्वचितच पडते. सिंगापूरला आमच्या भाषांतराच्या टेबलावर मात्र तो अख्खं आडनाव होऊन येतो. रोमन लिपीत एन आणि जी, स्वर नाहीच.

त्या दिवशी वारसाहक्काची फाईल होती. आजोबांच्या दाखल्यावर ङ, मलेशियातल्या पिनांगला गेलेल्या सख्ख्या भावाचं ऊई, हाँगकाँगच्या पुतण्याचं वाँग. वकिलांचा शेरा : तीन वेगळी घराणी. त्यात आमच्याच मसुद्यात आजोबांचं प्रमाण चिनी आडनाव ‘वू’ पडलं होतं. कुणीतरी तयार तक्ता बघून ठोकून दिलेलं. हाँगकाँगकडच्या कँटोनीज बोलीत ते बरोबर. पण होक्कियेन ही दुसरी दक्षिण चिनी बोली बोलणाऱ्या लोकांत ङ म्हणजे ह्वांग, आणि वूचं होतं गोह.

रोमन स्पेलिंगवरून उलटं जाता येत नाही, मूळ अक्षरच लागतं. थडग्याचा फोटो मागवला. वू सात रेघांचा, डोक्यावर तोंडाची चौकट. ह्वांग बारा रेघांचा, मधोमध शेताचा चौकोन, खाली दोन पाय. कँटोनीजमध्ये ह्वांगचा उच्चार वाँग, म्हणून ती माणसं तर तोंडीच विचारतात, ‘मोठ्या पोटाचा वाँग की तीन रेघांचा?’ तीन रेघांचा म्हणजे राजा या अर्थाचा वांग, तो निराळा. फोटोत शेवाळाखाली पोट स्वच्छ दिसत होतं. शेजारी च्यांगश्या, हे ह्वांगांचं कुलस्थान. कूळ त्याहून जुनं : इ.स.पू. 648 मध्ये छू राज्याने ह्वांग राज्य गिळलं, तेव्हा तिथल्या लोकांनी बुडालेल्या राज्याचं नाव आडनाव म्हणून लावलं.

मग भावाचं ऊई कसं? पिनांगची होक्कियेन चीनमधल्या चांगचौकडच्या वळणाची, तिथे ह्वांगचा उच्चारच ऊई. कारकुनाने कानावर पडलं ते लिहिलं. सिंगापूरचे माजी राष्ट्राध्यक्ष वी किम वी आणि पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांचं अक्षरही हेच.

भाषांतरात दाखल्यावरचं स्पेलिंग जसंच्या तसं ठेवलं. ‘सुधारलं’ की पासपोर्टशी जुळत नाही. मूळ अक्षर आणि ह्वांग हा उच्चार खालच्या टिपेत, तिन्ही कागदांवर एकाच शब्दांत.

संध्याकाळी वकिलांचा फोन : आजोबांची एक बहीणही निघाली, आडनाव वी, नवऱ्याकडचं असेल ना? म्हटलं, चिनी बायका माहेरचंच लावतात. अक्षर पाठवा.