तुम्ही विचारलंत म्हणून: गंडम कधी सुटलं?

"ताई, तुम्ही तर एवढ्या गंडमवाल्या, मग आता काहीच कसं बघत नाही?" वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणी ना कुणी हे विचारतंच. ऑफिसातली नवी पोरं विचारतात, भाचा विचारतो, जपानीच्या क्लासमधल्या जुन्या मैत्रिणी विचारतात, कारण माझ्या डेस्कवर अजून एक हिरवा झाकू (गंडममधल्या शत्रूपक्षाच्या रोबोचं मॉडेल) उभा आहे आणि तो बघून लोकांना वाटतं ही बाई अजून तश्शीच असणार. दरवेळी मी "वेळ कुठे मिळतो" म्हणून कटवते. खोटं आहे ते. वेळ भरपूर मिळतो, रोज रात्री मी अनोळखी लोकांचे किचन ट्रॉली लावायचे व्हिडिओ बघत बसते. तर आता एकदाच काय ते सांगून टाकते.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी: गंडम म्हणजे १९७९ साली जपानी टीव्हीवर आलेली मालिका, माणूस आत बसून चालवतो असे १८-१८ मीटरचे रोबो आणि त्यांचं युद्ध, दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, स्टुडिओ सनराइज. ५२ भागांची ठरली होती, प्रेक्षक मिळेनात म्हणून ४३ वर गुंडाळली. मग १९८० मध्ये बंदाईने त्यातल्या रोबोंची प्लास्टिकची मॉडेल्स काढली, पहिलं ३०० येनला, आणि ती अशी काही खपली की आज ४५ वर्षं झाली तरी दुकान चालूच आहे, एक मालिका संपली की दुसरी. (आमच्या आत्याला हे नाव पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गंडम? कोण कुणाला गंडवतंय?" तेव्हा हसले होते.)

मला हे खूळ लागलं २००४ ला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. वर्गातल्या एकाने राइट केलेल्या सीड्यांचा गठ्ठा दिला, त्यात गंडम सीड, २००२ ची, ५० भाग. होस्टेलच्या रूमवर आम्ही तिघी एका कॉम्प्युटरसमोर, सबमिशन्स गेली खड्ड्यात. ते संपल्यावर मी हट्टाने मूळ १९७९ ची शोधून काढली, आणि त्यातली जुनाट चित्रं बघून बाकी दोघी तिसऱ्याच भागाला उठून गेल्या. मी नाही उठले.

का ते सांगते. सोळावा भाग. व्हाइट बेस नावाचं त्यांचं जहाज, वर बहुतेक पोरंटोरंच, कॅप्टन ब्राइट १९ वर्षांचा, हीरो आमुरो १५ चा, शत्रू मागे लागलेला, आणि मधेच स्वयंपाकी येऊन सांगतो की मीठ संपलंय. झालं, आता मीठ नसेल तर माणसं लढणार कशी, म्हणून एवढं मोठं लढाऊ जहाज खाऱ्या सरोवराच्या शोधात, लोप नोरकडे. आणि त्याच भागात सायला, जहाजावर रेडिओ सांभाळणारी मुलगी, कुणाला न विचारता गंडम काढून बाहेर पडते, चालवता नीट येत नाही, मार खाते, परत येते तर ब्राइट तिला सरळ कोठडीत टाकतो. आमच्या मेसची आमटी खाऊन मी हे बघत होते. लेझर-बिझर सगळ्यांकडेच असतात हो, पण युद्धाची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला डब्यात मीठ किती उरलंय हे ठाऊक आहे, ह्याने मी जी पडले ती पडलेच. तसं बरंच होतं त्यात, जहाजावर अडकलेले निर्वासित म्हातारे होते, आणि मुलाने डोळ्यांदेखत शत्रूच्या शिपायावर गोळी झाडलेली बघून आमुरोची आई जी मागे सरते ते तर अजून आठवतं. पण माझ्यासाठी मीठ म्हणजे मीठ.

आता लोकांचा पहिला अंदाज असतो, "डेस्टिनीमुळे ना?" सीड डेस्टिनी, ऑक्टोबर २००४ पासून, जी मी दर आठवड्याला कॅफेत तासाला वीस रुपये मोजून डाउनलोड केली. शिन नावाच्या पोराचं अख्खं कुटुंब डोळ्यांसमोर मरतं, बहिणीचा मोबाइल तेवढा हातात राहतो, आणि त्याला हीरो म्हणून उभा करून मग हळूहळू त्याचीच गोष्ट काढून घेऊन जुन्या हीरोच्या हातात दिली. शिवाय मधेमधे जुन्याच तुकड्यांचे अख्खेच्या अख्खे भाग. मी इतकी चिडले होते की व्हायवाच्या आदल्या रात्री मैत्रिणीशी दोन वाजेपर्यंत भांडले, आणि तीही शिनच्याच बाजूची होती. पण चिडल्यामुळे सुटलं नाही. उलट पुढची दहा वर्षं त्या रागावरच निघाली.

दुसरा अंदाज असतो की धंद्यामुळे. ह्यात थोडं तथ्य आहे. पहिल्या मालिकेत आमुरो शेवटपर्यंत त्याच एका गंडममध्ये, पोरगं एवढं तयार होतं की मशीनच त्याच्या हाताला पुरेना, मग सांध्यांना मॅग्नेट कोटिंग करून तेच जुनं मशीन पळवायचं. म्हणजे आपल्याकडे जुन्या स्कूटरचं काम काढतात तसं. त्यानंतर मात्र झीटापासून, म्हणजे दुसऱ्या मालिकेपासून, रीतच पडली की मध्यावर हीरोला नवा कोरा रोबो मिळणार, कारण दुकानात नवा बॉक्स यायला हवा. सीडमध्ये ३५ व्या भागात तो आकाशातून उतरतो तेव्हा मी किंचाळले होते, खोटं कशाला बोलू. पण पाचव्या-सहाव्यांदा तेच झालं की आपण दिवाळी ऑफरची वाट बघतो तसं बघायला लागतो, आता येईल, या शनिवारी नाही तर पुढच्या. आत्याची आठवण यायची तेव्हा. तरी हेही कारण नाही, कारण खेळणी विकायला म्हणूनच तर ही मालिका जन्माला आली, गंडमचा तो लाल-निळा-पिवळा भडक रंगसुद्धा खेळणीवाल्यांच्याच आग्रहाचा. ते मला २००५ ला पण माहीत होतं.

बरीच वर्षं मी माझं मीच उत्तर ठरवून ठेवलं होतं की पुढचं सगळं अळणी झालं. ऐकायला बरं वाटायचं. समोरचा गप्प बसायचा.

मग आली आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स, २०१५ ते २०१७, ५० भाग, आणि माझ्या उत्तराचा पार बोऱ्या वाजला. कारण त्यात मीठ होतं! मंगळावरची अनाथ पोरं, मजुरीला जुंपलेली, पाठीच्या कण्यात वायर खुपसून घेतलेली, हीरो मिकाझुकी सारखा खिशातून खजुरासारखं काहीतरी काढून खात बसणार, आणि त्यांच्या ओळखीच्या आजीबाईंचं मक्याचं शेत, मका जाणार इंधनाला आणि भाव मिळणार कवडीचा. मराठी माणसाला ह्याहून जवळचं रोबोयुद्ध कुठे मिळणार सांगा. मला कळत होतं की हे चांगलं आहे. कळत होतं, लागत नव्हतं. ताप उतरल्यावर ताटात सगळं आवडीचं वाढलेलं असतं आणि तोंडाला चव नसते, तसं. दुसऱ्या सीझनचे शेवटचे भाग मी कित्येक महिन्यांनी बघितले, सोडून दिलं असं होऊ नये म्हणून. बघून मोकळी झाले.

तेव्हा मी तिशी ओलांडली होती, टीम लीड झाले होते. पहिल्या मालिकेत राम्बा राल म्हणून एक शत्रूपक्षाचा अधिकारी आहे, मिशीवाला, पोट सुटलेला, होस्टेलमध्ये आम्ही त्याला काका म्हणायचो. काका ३५ वर्षांचे आहेत. मी आता ४१ ची आहे. आणि १९ वर्षांचा ब्राइट पोरांवर ओरडतो तेव्हा वीस वर्षांची मी आमुरोच्या बाजूने असायचे, आता रिलीजच्या रात्री बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना थांबवून घेणारी मीच आणि साडेदहाला "जेवलात का रे" असा मेसेज टाकणारी पण मीच. मिठाचा हिशोब दिवसभर करून आल्यावर रात्री पुन्हा तोच बघायला नको वाटतं की काय, कोण जाणे. हे मी स्वतःला समजावण्यासाठी शोधलेलं कारण पण असू शकतं.

खरं कळलं ते द विच फ्रॉम मर्क्युरीच्या वेळी, ऑक्टोबर २०२२. मुख्य टीव्ही मालिकांत पहिल्यांदा गंडमची हीरो मुलगी, सुलेट्टा. सायलाला कोठडीत टाकलं तेव्हापासून मी ह्याची वाट बघत होते म्हणा ना! २४ भाग. आणि चौथ्या की पाचव्या भागाला माझ्या लक्षात आलं की मी बेडवर बसून कपड्यांच्या घड्या घालतेय, मोबाइल उशीला टेकवलाय, आणि स्पीड दीडपट केलेला आहे. कधी केला ते आठवेना. ट्रेनिंगचे कंपल्सरी व्हिडिओ असतात ना ऑफिसचे, ते मी दीडपटीवर बघते. मी पुन्हा नॉर्मल करून बघितलं, तर सगळे किती हळू बोलतात असं वाटलं. मग एक टी-शर्ट, दुसरा टी-शर्ट, आणि बंद केलं. वाईट पण वाटलं नाही, खरं तर त्याचंच जरा वाईट वाटलं.

मालिका चांगली आहे हां ती, भाचीला तर वेड लागलं. माझ्या अनुभवावर जाऊन कुणी ती सोडू नका.

पुढच्या वर्षी कंपनीने तीन आठवडे जपानला पाठवलं, तर योकोहामाच्या यामाशिता पिअरवर तो खराखुरा १८ मीटरचा हलणारा गंडम होता, मार्च २०२४ ला बंद झाला तो. लोकांना वाटतं तिथे जाऊनही मला काही वाटलं नसेल. चक्क भरून आलं. २५ टनांचं ते धूड एक पाऊल उचलतं, गुडघ्यावर बसतं, मागून कमरेला आधार आहे हे दिसत असतं आणि तरी. शेजारी माझ्या वडिलांच्या वयाचे एक जपानी आजोबा टोपी काढून उभे होते. त्या रात्री हॉटेलवर उत्साहाने सुलेट्टाचे राहिलेले भाग लावले आणि दहा मिनिटांत झोपले. म्हणजे प्रेम आहे, भूक नाही, असं काहीतरी.

आणि ती २०२५ ची, जीक्वॅक्स, इंग्रजीत लिहिताना मधे सहा यू आहेत, मोजून बघा. १२ भाग. त्यात १९७९ च्या गोष्टीला असा फाटा फोडलाय की गंडम सुरुवातीलाच शार, मूळ गोष्टीतला शत्रूपक्षाचा नामी पायलट, पळवून नेतो, आणि मग जुनं-जुनं सगळं वेगळ्या जागी भेटत राहतं. ती मात्र मी नॉर्मल स्पीडला बघितली, सगळी. लग्नाच्या अल्बममध्ये नातेवाईक ओळखायला मजा येते तशी मजा आली, हे अमुक, हा तमक्याचा. बारावा संपल्यावर भाच्याने विचारलं माचूचं, म्हणजे त्यातल्या हिरॉइनचं, शेवटी काय वाटलं तुला, आणि मला सांगता येईना, कारण मी त्या मुलीकडे बघितलंच नव्हतं, मागे कोण उभं आहे ते बघत होते.

माळ्यावर अकरा बॉक्स पडलेत न उघडलेले. जपानीत ह्याला 'त्सुमिपुरा' असा खास शब्द आहे, न जोडता रचून ठेवलेल्या मॉडेल्सच्या थप्पीला, म्हणजे एकटी मीच नाही. गेल्या महिन्यात त्यातला सगळ्यात सोपा, पहिल्यावहिल्या गंडमचा, भाचीला दिला. तिने दोन तासांत जोडला, मी शेजारी बसून भाजी निवडत होते, मधे फक्त एकदा म्हटलं की तो हात उलटा बसवलायस. कपाळावरचा पिवळा अँटेना बसवताना टप्पकन उडाला आणि सोफ्याखाली गेला, सोफा हलवला, टॉर्च मारला, नाही मिळाला. बिनशिंगाचा गंडम टीव्हीशेजारी उभा आहे आणि कामाच्या मावशींना सांगून ठेवलंय की केर भरताना पिवळं काही दिसलं तर टाकू नका.