माळवद उतरवलं, घर राहिलं

गेल्या उन्हाळ्यात गावाकडच्या घराचं काम काढलं आणि तेव्हापासून दहा जणांनी तरी विचारलं असेल की अगं पाडून सरळ स्लॅब का नाही टाकला. फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून आता एकदा इथे नीट लिहिते.

घर पणजोबांनी बांधलेलं, धाराशिव जिल्ह्यात, किल्लारीपासून साधारण पन्नास किलोमीटरवर. अडीच फुटी दगडी भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, त्यावर किलचन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद, म्हणजे सपाट मातीचं छत. पुढे ढेलज, मग चौक, ओसरी, माजघर आणि मागे परडं. मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्री असताना माजघरात नुसती पाठ टेकली तरी डोळा लागतो, पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये एसी लावूनसुद्धा ते सुख नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी सात वर्षांची होते. गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपलेले, चार वाजायला आले होते आणि किल्लारीचा तो भूकंप झाला. मागची भिंत गेली, ती बाहेरच्या बाजूला पडली, धुरळा इतका की शेजारी बसलेली आई दिसत नव्हती. पण माळवद आमच्या अंगावर आलं नाही. उजाडल्यावर बघितलं तर भिंत नाही आणि छत मात्र चार खांबांवर जसंच्या तसं उभं, माजघरात बसून परड्यातलं लिंबाचं झाड दिसत होतं. ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही.

पुढची दोन वर्षं आम्ही अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपलो. आमचं घर वाचलं, पण त्या पहाटे हजारो माणसं दगडमातीखाली गेली. ५२ गावं तर नव्या जागेवर वसवली, चौकोनी प्लॉट, रुंद रस्ते, जुन्या बोळांचा मागमूस नाही. त्यानंतर आमच्या भागात दगडी घर म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही, ज्यांनी ते बघितलंय त्यांना मी कुठल्या तोंडाने वारसा वगैरे सांगू.

पण भिंती का पडल्या ते समजून घेतलं पाहिजे. आमच्याकडची जाड भिंत दिसायला एक असते, खरं तर त्या दोन भिंती, एक आतली एक बाहेरची, आणि मधल्या जागेत बारीक दगड आणि माती भरलेली. दोन्ही बाजू धरून ठेवणारे आरपार दगड घालायला पाहिजेत ते बहुतेक ठिकाणी घातलेलेच नाहीत. हादरा बसला की दोन्ही भाग एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ढीग होतो. वरून माळवदाचा भार. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर मातीचा एक थर टाकायचा, असं पन्नास साठ वर्षं केलं की दीड फूट माती सहज होते. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा-सात टन वजन हो! आम्ही त्याखाली निवांत झोपत होतो.

लातूरचे एक वयस्कर इंजिनिअर, त्यांनी भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामात खूप घरं बघितलेली, ते आले, खांबांवर हात फिरवला, तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर खुपसून लाकूड कुजलंय का ते बघितलं आणि म्हणाले, "ताई, लाकूड चांगलंय. आधी वरचं ओझं उतरवा, मग भिंतीचं बोलू."

बारा दिवस नुसती माती उतरत होती. शेवटी आठ इंच ठेवली, खाली प्लास्टिकचा जाड कागद, म्हणजे गळतीही नाही आणि दरवर्षी नवा थरही नाही. मग भिंतीत साधारण दर तीन फुटांवर आडवं-उभं एकेक दगड काढून आरपार भोक, त्यात एस आकाराची सळई आणि काँक्रीट. हे आमचे नवे आरपार दगड. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात सुताराने तिरके आधार बसवले, चौकट हलली तरी तिरकी होऊन बसू नये म्हणून. छताच्या खाली सगळ्या घराभोवती, आतून आणि बाहेरून, जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा घेतला. पट्टा दिसतो, मला सुरुवातीला तो डोळ्याला फार खुपला. आता नाही खुपत, ती घराची कंबर बांधलीय.

बाकी भिंतीला मात्र सिमेंट लावू दिलं नाही, यावरून काकांशी चांगलंच वाजलं. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने देवघराच्या भिंतीला सिमेंट प्लास्टर केलं होतं, दोन पावसाळ्यांत ते फुगून सुटलं आणि आतली माती ओली गार, ओल बाहेर पडायला वाटच नाही ना. ते सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला.

संडास-बाथरूम परड्यात, भिंतीपासून अंतर सोडून, कारण गळका पाईप मातीच्या भिंतीत गेला तर भूकंपाचीही गरज नाही. टाकी माळवदावर ठेवायचा काकांचा आग्रह होता, पण हजार लिटर म्हणजे एक टन, उतरवलेलं ओझं परत कशाला चढवायचं? ती लोखंडी स्टँडवर परड्यात गेली. जुनी वायरिंग पूर्ण काढली, उंदरांनी कुरतडलेली होती आणि सुक्या लाकडाला लागून ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको. आता सगळं पाईपातून, भिंतीच्या बाहेरून, शॉक लागला की लाईन तोडणारा स्विच बसवलाय. मायक्रोवेव्ह आणि गीझर चालतात, वायफाय माजघरात पोचत नाही, एवढी जाड भिंत.

खर्च नव्या घरापेक्षा कमी आला, पण वेळ आणि डोकेदुखी भरपूर, आणि दर घराला हे जमेलच असं मी म्हणणार नाही. लाकूड वाळवीने खाल्लं असेल, खांबच नसतील, सगळा भार दगडी भिंतींवर असेल तर हिशेब वेगळा. पण मागची भिंत पडल्यावर घाईघाईत विटांचा आणि वर स्लॅबचा एक खोका जोडणारे आमचे शेजारी, ज्यांच्या स्लॅबच्या सळया आज खालून गंजून बाहेर आल्यात, त्यांच्याकडे बघून मला सिमेंट म्हणजे सेफ हे पटत नाही. सेफ ते, जे नीट बांधलंय आणि ज्याच्याकडे कुणीतरी लक्ष देतंय.

आई भूकंपानंतर माजघरात कधीच झोपली नव्हती, ओसरीवर दाराजवळच तिचं अंथरूण, थंडीतसुद्धा. काम झाल्यावर मी तिला सळया, तिरके आधार सगळं दाखवलं, ती काही बोलली नाही. दिवाळीच्या रात्री पाणी प्यायला उठले तर ओसरीवर अंथरूण नव्हतं. आत डोकावले, माजघरात भिंतीकडे पाय करून झोपली होती.