चोवीस मेगापिक्सेल तर जुन्यातही होते (माझा अनुभव)

लग्नाचे फोटो काढायला लागले तेव्हा माझ्याकडे निकॉन डी३५०० आणि किटमधली १८-५५ लेन्स, बस एवढंच. लालबागला आमच्या बिल्डिंगमधली बारशी, साखरपुडे त्यावरच केले, लोक खूश होते, त्यामुळे प्रोफेशनल कॅमेरा वगैरे मला दुकानदारांची बडबड वाटायची.

मग दादरच्या एका हॉलमध्ये हळद झाली आणि कार्ड वाचायलाच तयार नाही. लॅपटॉप म्हणतोय फॉरमॅट करा आणि नवरीची आई म्हणतेय "अगं दाखव की गं फोटो". रात्रभर रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून बसले, बरेचसे मिळाले, पण आजी हळद लावतानाचे गेले ते गेलेच.

डी३५०० ला मेमरी कार्डचा स्लॉट एकच, ते बिघडलं की फोटोची दुसरी प्रत नाही. म्हणून ठरवलं, आता दोन स्लॉटवालाच घ्यायचा. बजेट ६० हजार, त्यात तसा नवीन बसेना, मग निकॉनचाच दोन स्लॉटवाला सेकंडहँड डी७५० शोधायला फोर्टात बोरा बाजारच्या चकरा सुरू. घरी भाऊ म्हणाला, अगं त्याचे पण २४ मेगापिक्सेलच आहेत, मग पैसे कशाला घालतेस? प्रश्न बरोबर होता. पण मेगापिक्सेल मला कमी पडतच नव्हते, अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंच, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल, ते ६००० बाय ४००० मध्ये आरामात बसतं.

एका दुकानातले काका म्हणाले, "ताई, शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत, ते बघितल्याशिवाय पैसे काढू नका." निकॉनमध्ये हे सोपं आहे, आपलं कार्ड टाकून एक फोटो काढायचा, त्या फाइलच्या माहितीतच आकडा सापडतो. पहिल्या बॉडीचा (लेन्सशिवायचा कॅमेरा) निघाला १ लाख ८३ हजार, आणि कंपनीने शटर टेस्ट केलंय दीड लाखाला. दुकानदार म्हणे "चालतंय की मस्त!" चालत होतं, खरंय, पण मुहूर्तावर बंद पडलं तर भटजी थांबणारेत का? दुसरीचा ४६ हजार. लेन्सचं छिद्र बारीक (एफ १६) ठेवून आभाळाचा फोटो काढला, सेन्सरवरच्या (ज्यावर फोटो उमटतो तो भाग) धुळीचे तीन-चार डाग दिसले, ब्लोअरने गेले, दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड चालवून बघितली आणि घेतला.

घरी आल्यावर कळलं की माझी १८-५५ डीएक्स आहे, म्हणजे छोट्या सेन्सरसाठी बनवलेली, लागते पण कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि फोटो जेमतेम १० मेगापिक्सेलचा येतो 😅 हे आधी वाचायला हवं होतं. बरं झालं काकांकडून जुनी ५० एमएम १.८डी लेन्स स्वस्तात उचलली होती, डी३५०० ला ऑटोफोकसची मोटर नसल्यामुळे तिथे ती हाताने फोकस करावी लागायची, डी७५० मध्ये मोटर आहे त्यामुळे ती आपोआप फोकस करते.

फरक कळला पहिल्याच लग्नात. मंगलाष्टकांना हॉलवाल्याने लाइट कमी केले, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ला जुन्यात नवऱ्याचा चेहरा रवाळ झाला असता, यात सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, क्षेत्रफळाने जुन्याच्या दुपटीहून मोठा, फोटो स्वच्छ. आणि शटरचा वेग, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) यांना वेगवेगळी चाकं, त्यामुळे अंतरपाट खाली येताना डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढावा लागला नाही, आधी बटण दाबून चाक फिरवता फिरवता अक्षता पडून जायच्या.

एक सांगते, दोन स्लॉट आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. माझ्याकडे आला तेव्हा दुसरा स्लॉट 'ओव्हरफ्लो'वर होता, म्हणजे पहिलं कार्ड भरलं की मगच दुसरं. 'बॅकअप' केल्यावरच प्रत्येक फोटो दोन्हीकडे जायला लागला.

डी३५०० विकला नाही. ८४० ग्रॅमच्या बॉडीसोबत आणखी ४१५ ग्रॅम खांद्यावर, सकाळच्या लोकलमध्ये जीव जातो, तरी अडीअडचणीला तो बॅगेत असतोच.