चपळ गार्ड आणि रिंगखाली एकटा पडलेला गोबेर

१९ जून २०२१ ची ती शनिवारची सकाळ मला अजून स्पष्ट आठवते. अमेरिकेत शुक्रवारची रात्र होती, पुण्यात साडेसात वाजले होते आणि युटा जॅझ हा एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला माझा संघ लॉस एंजेलिस क्लिपर्सविरुद्ध प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, मालिकेतला सहावा सामना खेळत होता. मध्यंतराला जॅझ ७२-५० असे पुढे होते आणि तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला ती आघाडी २५ गुणांवर गेली. त्यानंतर क्लिपर्सने उत्तरार्धात ८१ गुण केले, सामना १३१-११९ असा जिंकला आणि मालिकाही संपवली. क्लिपर्सचा मुख्य खेळाडू कावाय लेनर्ड दुखापतीमुळे बाहेर होता. त्यांच्या टेरन्स मॅन या गार्डने, म्हणजे रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूने, ३९ गुण केले, त्यांत तीन गुणांचे सात बास्केट होते. नियमित हंगामात ५२ सामने जिंकून संपूर्ण लीगमध्ये पहिला आलेला संघ असा कोसळला, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा दोष जॅझच्या रूडी गोबेरच्या माथी मारला गेला. तो दोष चुकीच्या माणसावर ठेवला गेला, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

गोबेर सात फूट एक इंच उंचीचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, आहे आणि त्या वर्षी तिसऱ्यांदा तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. प्रशिक्षक क्विन स्नायडर यांची बचावाची सारी रचना त्याच्याभोवती बांधलेली होती. प्रतिस्पर्धी गार्डसाठी स्क्रीन लागला, म्हणजे त्याच्या सहकाऱ्याने वाटेत उभे राहून आडोसा केला, की गार्डवरचा बचावपटू स्क्रीनच्या वरून वळसा घेऊन मागून पाठलाग करत येई, गोबेर मागे सरकून रिंगच्या अलीकडे उभा राही, आणि बाकीचे तिघे आपापल्या नेमबाजाला चिकटून राहत. यालाच ‘ड्रॉप’ म्हणतात. यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. गार्डला तीन गुणांची रेषा आणि रिंग या दोन्हींपासून दूर ठेवायचे आणि मधल्या पंधरा फुटांवरून नेम मारायला भाग पाडायचे. तिथून दहांपैकी चार नेम लागले तरी दहा प्रयत्नांत आठच गुण होतात. डिसेंबर-जानेवारीत रोज नवा प्रतिस्पर्धी समोर येत असताना हा हिशेब उत्तम जुळत असे.

प्लेऑफमध्ये मात्र तोच प्रतिस्पर्धी सात सामन्यांपर्यंत समोर असतो आणि मधली ती मोकळी जागा त्याला तोंडपाठ होते. एप्रिल २०२२ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सविरुद्ध हेच घडले. लुका डोंचिच पोटरीच्या दुखापतीमुळे पहिले तीन सामने खेळला नाही, तरी दुसऱ्या सामन्यात जेलन ब्रन्सनने ४१ गुण केले आणि एकदाही चेंडू गमावला नाही. डॅलसने तो सामना ११०-१०४ असा जिंकला. तिसऱ्या सामन्यात, सॉल्ट लेक सिटीत, ब्रन्सनने आणखी ३१ गुण केले.

ब्रन्सन सहा फुटांहून जेमतेम इंच-दोन इंच उंच आहे आणि सरळ धावण्यात तो लीगमधल्या सर्वांत वेगवान खेळाडूंत मुळीच मोडत नाही. माझ्या मते इथेच बहुतेक चर्चा वाट चुकतात. गार्डची चपळाई धावण्यापेक्षा थांबण्यात जास्त असते. बचावपटूला बाजूला किंवा मागे सरकावे लागते, चढाई करणारा पुढे तोंड करून जातो. कुठे वळायचे हे एकाला आधीच ठाऊक असते आणि दुसऱ्याला ते पाहून कळते. त्या निमिषात बचावपटूची कंबर एकदा वळली की गार्डने अचानक वेग तोडावा, आणि वेगात आलेला बचावपटू आपोआप पुढे निघून जातो. ब्रन्सन याहून एक पायरी पुढे जातो. स्क्रीन ओलांडल्यावर तो मुद्दाम संथ होतो, मागून येणाऱ्या बचावपटूला पाठीवर घेतो आणि तिथेच अडकवून ठेवतो. मग समोर मागे सरकणारा गोबेर, पाठीला खिळलेला पाठलाग करणारा आणि मध्ये आठ-दहा फुटांचा निवांतपणा, असे चित्र तयार होते. गोबेर पुढे आला तर त्याच्या मागे रिंगकडे पास जातो, आणि मागेच राहिला तर डावखुऱ्या ब्रन्सनचा मऊ नेम सुटतो. कॉलेजच्या संघात गार्ड म्हणून खेळताना सिमेंटच्या कोर्टवर आमचे सर ओरडून सांगत, ‘चेंडूकडे बघू नकोस, कमरेकडे बघ.’ अंतरमहाविद्यालयीन सामन्यांत अशा थांबत-थांबत खेळणाऱ्या गार्डसमोर मी हे सूत्र पाळूनही मागे पडलेलो आहे, कारण त्याची कंबर खरोखर थांबलेली असते आणि आपले वजन तोवर पुढे गेलेले असते.

ड्रॉप चालायचा असेल, तर पाठलाग करणाऱ्या बचावपटूने स्क्रीनवर अडकून न पडता अर्ध्या सेकंदात पुन्हा गार्डच्या खांद्याशी पोहोचायला हवे. जॅझकडे हे काम दर रात्री करू शकणारा जवळपास एकटा रॉयस ओनील होता. माइक कॉनली तिशीच्या उत्तरार्धाकडे झुकला होता आणि २०२१ च्या त्या मालिकेत तर मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे पहिले पाच सामने तो खेळूच शकला नाही. बोयान बोग्दानोविचची पावले जड होती. डोनोवन मिचेल आक्रमणाचा सारा भार वाहत होता, आणि बचावात त्याची पहिली फळी फार सहज मोडत असे. मिचेलचा खेळ मला मनापासून आवडतो, पण हे म्हणणे मला टाळता येत नाही.

पहिली फळी मोडल्यावर गोबेरला दोन जागी असावे लागते. क्लिपर्सने आपला उंच सेंटर बसवून निकोला बातूमला मध्ये खेळवले आणि पाचही खेळाडू रेषेबाहेर पसरले, त्यामुळे गोबेरच्या वाट्याला कोपऱ्यातला मॅन आला. एनबीएत २००१-०२ पासून असा नियम आहे की, हाताच्या अंतरावर कोणाला अडवत नसलेला बचावपटू रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबू शकत नाही. आपल्याकडे फीबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांनी खेळतात. तिथे हे बंधन नाही, म्हणून उंच खेळाडू रिंगखाली ठाण मांडून बसला तरी चालते. गोबेरला ती मुभा नव्हती. रेजी जॅक्सन आपल्या बचावपटूला मागे टाकून आत शिरला की गोबेर रिंग सांभाळायला येई, चेंडू कोपऱ्यात जाई आणि गोबेरला बावीस फूट धावत जावे लागे. हवेतून जाणाऱ्या पासशी शर्यत लावून कोणताही माणूस जिंकत नाही. जॅक्सनने त्या सामन्यात २७ गुण आणि १० असिस्ट (थेट बास्केट करून देणारे पास) केले. पुढल्या वर्षी डॅलसने हेच माक्सी क्लेबरला सेंटर करून केले. ब्रन्सनच्या ४१ गुणांच्या रात्री क्लेबरने तीन गुणांचे आठ आणि संघाने एकूण बावीस बास्केट केले.

२००४-०५ पासून एनबीएने बाहेरच्या बचावपटूची, गार्डला हाताने अडवून त्याची दिशा बदलण्याची सवलत जवळजवळ काढून घेतली. त्याच हंगामात फीनिक्स सन्सकडे स्टीव्ह नॅश हा गार्ड आला आणि आदल्या वर्षी २९ सामने जिंकलेला तो संघ ६२ सामने जिंकला. हात गेल्यावर बचावपटूकडे फक्त पाय उरले. त्यामुळे चांगले पाय असलेले दोन-तीन खेळाडू नसलेल्या संघाने सेंटरकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

जॅझने जुलै २०२२ मध्ये गोबेरला मिनेसोटाच्या संघाकडे सोपवले. तिथे त्याच्यापुढे जेडन मॅकडॅनियल्स, अँथनी एडवर्ड्स आणि निकील अलेक्झांडर-वॉकर होते, म्हणजे स्क्रीनमधून वाट काढणारे तिघे. २०२३-२४ मध्ये मिनेसोटाचा बचाव लीगमध्ये सर्वोत्तम ठरला, संघाने ५६ सामने जिंकले आणि गोबेर चौथ्यांदा सर्वोत्तम बचावपटू झाला. माणूस तोच होता, पुढची फळी बदलली होती.

तरीही मे २०२४ मध्ये वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, अंतिम मालिकेत डॅलसच्या डोंचिच आणि कायरी अर्विंग या जोडीने मिनेसोटाला ४-१ असे हरवले. दुसऱ्या सामन्याच्या शेवटी डॅलसने स्क्रीन लावून डोंचिचसमोर नेमका गोबेर आणून उभा केला. तीन गुणांच्या रेषेजवळ, रिंगपासून दूर, मागे कोणी नाही आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा. गोबेर वाकून, हात पसरून, शक्य तितका चांगला सरकला. डोंचिच आत घुसल्यासारखा झाला, थांबला, एक पाऊल मागे आला आणि घड्याळात तीन सेकंद उरले असताना डॅलस १०९-१०८ असे पुढे गेले.