कवळीपासून माउथगार्डपर्यंत : न्यूकॅसलमधील आमची वाटचाल

आमचा व्यवसाय दातांच्या लॅबचा आहे आणि तो ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातल्या न्यूकॅसल शहरात, हॅमिल्टन या जुन्या वस्तीत चालतो. सुरुवातीची बरीच वर्षे आम्ही मुख्यतः कवळ्या करीत होतो. आज आमच्या कामाचा मोठा भाग खेळाडूंच्या माउथगार्डचा, म्हणजे खेळताना मार बसू नये म्हणून दातांवर घालायच्या मऊ कवचाचा आहे आणि माप द्यायला येणाऱ्या खेळाडूंत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली आहे. हे कसे घडले ते सांगायचे, तर आमच्याइतकेच न्यूकॅसल नाइट्स या क्लबच्या महिला रग्बी लीग संघाविषयी लिहावे लागेल. या संघाशी आमचा कोणताही करार कधी नव्हता आणि आजही नाही. तरीही त्याच्या चढउतारांचा हिशेब आमच्या ऑर्डरच्या वहीत उमटत गेला आहे.

मी मुंबईत डेंटल मेकॅनिकचा अभ्यासक्रम केला आणि लग्नानंतर यजमानांच्या नोकरीनिमित्त इकडे आले. ऑस्ट्रेलियात ‘डेंटल प्रॉस्थेटिस्ट’ हा स्वतंत्र नोंदणीचा व्यवसाय आहे; ही पात्रता मिळवली की दंतवैद्याच्या चिठ्ठीवाचून थेट रुग्णाचे माप घेऊन कवळी किंवा माउथगार्ड करून देता येते. ती पात्रता मिळवून आम्ही दुकान थाटले, तेव्हा आमचे बहुतेक ग्राहक निवृत्त कामगार होते. न्यूकॅसल हे कोळशाचे बंदर, आणि १९९९ पर्यंत येथे बीएचपी या कंपनीचा पोलादाचा मोठा कारखाना होता. खाणीत आणि भट्टीवर आयुष्य घालवलेल्या त्या पिढीत तरुणपणीच सगळे दात काढून कवळी बसवण्याची रीत पुष्कळ होती, त्यामुळे कवळी दुरुस्तीला कधी तोटा पडला नाही. खुर्चीत बसलेला असा एखादा आजोबा, तोंडातला मापाचा साचा निघताच, १९९७ च्या अंतिम सामन्याबद्दल बोलू लागे : १९८८ मध्ये स्पर्धेत उतरलेल्या नाइट्सच्या पुरुष संघाने सिडनीच्या मॅन्ली संघाला २२–१६ असे हरवले आणि डॅरेन अल्बर्टने अगदी शेवटच्या क्षणी ट्राय केला (म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले), ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की आता तो सामना मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. २००१ मध्ये पुरुष संघ पुन्हा जिंकला आणि त्यानंतर शहराची वाट पाहणे सुरू झाले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रग्बी लीगमध्ये प्रत्येक बाजूला १३ खेळाडू असतात. चेंडू हाती असलेल्या संघाला सहा वेळा पकडले जाईपर्यंत पुढे सरकण्याची मुभा असते, त्यानंतर चेंडू समोरच्यांकडे जातो. आमच्याकडच्या मराठी मंडळींना मी सांगते की कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा आणि चढाई करणारी पूर्ण वेगाने धावत येते आहे असे समजा. खांदा, कोपर, गुडघा आणि समोरचीचे डोके, यांपैकी कोणतीही गोष्ट जबड्यावर आदळू शकते. माउथगार्डची गरज तिथून येते.

महिलांची राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा, जिला सगळे एनआरएलडब्ल्यू म्हणतात, २०१८ मध्ये चार संघांनिशी सुरू झाली : ब्रिस्बेन ब्रॉन्कोज, सिडनी रूस्टर्स, सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्स आणि न्यूझीलंड वॉरियर्स. पहिली तिन्ही विजेतेपदे ब्रिस्बेनकडे गेली. न्यूकॅसल त्या चारांत नव्हते, ही गोष्ट इथल्या लोकांना खटकत होती, कारण हंटर खोऱ्यातल्या मेटलंड, सेसनॉक, कुरी कुरी अशा गावांमधून खेळाडू घडवायचे आणि वरच्या पातळीवर खेळायचे तर त्यांनी सिडनीची वाट धरायची, असाच तो प्रकार होता. त्या काळात आमच्याकडे माउथगार्डसाठी येणाऱ्या मुली थोड्याच, आणि त्यांतल्या बऱ्याच हॉकीच्या. रग्बी लीग खेळणारी मुलगी आली, तर तिच्यासोबतची आई बहुधा मला बाजूला घेऊन विचारी की हे खेळणे कितपत सुरक्षित आहे. मी दातांपुरते उत्तर देत असे.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या निर्बंधांनी दातांची कामे जवळजवळ थांबवली. कवळीचा ग्राहक वयस्कर, आणि तो तर घराबाहेरच पडेना. यजमानांनी हिशेब मांडून दाखवला तेव्हा एकाच वयोगटावर उभा असलेला धंदा किती नाजूक असतो, हे आकड्यांत दिसले. खेळाच्या कामाकडे आम्ही गंभीरपणे पाहू लागलो ते या अडचणीमुळे. त्यात खेळाच्या प्रेमाचा वाटा फारसा नव्हता, हे प्रांजळपणे सांगते.

त्याच सुमारास स्पर्धेचा विस्तार ठरला. वॉरियर्स प्रवासबंदीमुळे बाहेर पडले आणि न्यूकॅसल नाइट्स, पॅरामॅटा ईल्स व गोल्ड कोस्ट टायटन्स असे तीन नवे संघ आले. २०२१ चा हंगाम करोनामुळे लांबत लांबत २०२२ च्या फेब्रुवारीवर गेला. नाइट्सच्या मुलींचा पहिला सामना घरच्या मैदानावर ईल्सविरुद्ध झाला आणि शेवटच्या घटकेला मॅडी स्टडनने मारलेल्या एका गुणाच्या किकने त्या १३–१२ अशा हरल्या. पुढचे चारही सामने हरून त्या तळाला राहिल्या. दुकानात त्याची चर्चा होई तेव्हा जुने ग्राहक ‘सवय आहे आम्हाला’ असे म्हणून हसत, कारण पुरुष संघानेही मधल्या काळात सलग तीन वर्षे तळ पाहिलेला होता.

वेळापत्रक असे विचित्र जमले होते की २०२२ या एकाच वर्षात दोन हंगाम झाले. दुसरा ऑगस्टमध्ये सुरू झाला, आणि तोपर्यंत संघ जवळपास नवा उभा राहिला होता. रोनाल्ड ग्रिफिथ्स प्रशिक्षक म्हणून आले. ब्रिस्बेनहून टमिका अप्टन आणि मिली बॉयल या दोन मोठ्या खेळाडू आल्या. आणि हाफबॅकच्या, म्हणजे चढाईची आखणी करणाऱ्या खेळाडूच्या जागी जेसी साउथवेल ही इथलीच १७ वर्षांची मुलगी उभी राहिली, जिची मोठी बहीण हॅना याच संघात होती. अठरा पूर्ण नसताना खेळण्यासाठी जेसीला खास परवानगी घ्यावी लागली होती. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सिडनीत अंतिम सामना पुन्हा ईल्सविरुद्धच झाला आणि नाइट्सनी तो ३२–१२ असा जिंकला. ऑक्टोबरात विजेत्या ठरलेल्या या संघाने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या हंगामात एकही सामना जिंकला नव्हता. २००१ नंतर या क्लबच्या वरिष्ठ संघाने जिंकलेले ते पहिले विजेतेपद होते आणि ते मुलींनी आणले.

आमच्यावर त्याचा परिणाम पुढच्या फेब्रुवारीत दिसला. स्थानिक हंगाम इथल्या शरद ऋतूत (मार्च ते मे) सुरू होतो, म्हणून मापांची गर्दी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. त्या वर्षी लहान क्लबांच्या चिटणिसांचे फोन आले ते ‘आमचा मुलींचा संघ प्रथमच होतो आहे, सगळ्यांची मापे एकदम घ्याल का’ असे विचारणारे. मग आम्ही शनिवारी सकाळी घडीचे टेबल, पाण्याचे कॅन, मापाचे ट्रे आणि दातांचा ठसा उठवणाऱ्या आल्जिनेटची पावडर घेऊन मैदानावर जाऊ लागलो. गुलाबी लगदा कालवून ट्रेमध्ये भरायचा आणि तो वरच्या दातांवर दाबून घट्ट होईपर्यंत धरायचा. मुलीला नाकाने श्वास घे, पायाची बोटे हलव असे सांगत राहायचे, कारण लक्ष दुसरीकडे गेले की ओकारी येत नाही. लॅबमध्ये परतल्यावर त्या मापात प्लास्टर ओतून दातांचा साचा काढायचा, तो घासून सपाट करायचा, आणि त्यावर तापवून लोंबू लागलेला ईव्हीए या लवचिक प्लास्टिकचा पत्रा हवेच्या दाबाने बसवायचा. चांगला माउथगार्ड दोन थरांचा असतो आणि नाव किंवा क्रमांक त्या दोन थरांच्या मध्ये जातो, म्हणजे तो चावून निघत नाही. शेवटी कडा हिरडीच्या वळणाप्रमाणे कापून, ओठाला जोडणाऱ्या पापुद्र्याजवळ खाच ठेवून, ज्योतीवरून फिरवून गुळगुळीत करायच्या.

मुलींच्या कामात काही गोष्टी निराळ्या निघाल्या. औषधाच्या दुकानात मिळणारा, गरम पाण्यात बुडवून दातांखाली दाबायचा माउथगार्ड ‘मोठ्यांसाठी’ म्हणून येतो तो तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या जबड्याला मागून टोचतो, आणि ती तो कात्रीने कापून इतका तोकडा करते की दाढांना आधारच उरत नाही. शिवाय या वयात तारा लावलेल्या असतात. तारांवर नेहमीसारखा घट्ट माउथगार्ड बसवला तर दात सरकायला जागा राहत नाही, म्हणून साच्यावर मेणाची भर घालून जागा सोडावी लागते आणि काही महिन्यांनी नवा करावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात नफा कमी आहे, परंतु एकदा आलेले घर दरवर्षी परत येते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर माउथगार्ड ठेवू नये, हे वाक्य मी प्रत्येक डबीसोबत सांगते. ऐकणारे थोडे, वाकलेला माउथगार्ड घेऊन येणारे पुष्कळ.

मधे एकदा कच्च्या मालाने दगा दिला. एका घाऊक विक्रेत्याकडून घेतलेल्या लाल-निळ्या पत्र्यांचे थर काही आठवड्यांतच सुटू लागले. त्या विक्रेत्याने भरपाईची भाषा टाळली आणि आम्हाला त्या खेपेतले सगळे माउथगार्ड स्वखर्चाने बदलून द्यावे लागले. लाल-निळा हा नाइट्सचा रंग, आणि निम्म्या मुलींना तोच हवा असतो, त्यामुळे फटका मोठा बसला.

२०२३ मध्ये स्पर्धा दहा संघांची झाली. माझ्या मते या खेळाच्या दृष्टीने त्या वर्षाची महत्त्वाची घटना मैदानाबाहेर घडली : खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात झालेल्या सामूहिक करारात महिला खेळाडूंचा प्रथमच समावेश झाला. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनाची मर्यादा २०२३ मध्ये ९ लाख डॉलर आणि २०२७ पर्यंत १५ लाख डॉलर, किमान वेतन ३० हजार डॉलरपासून चढत ५० हजारांच्या वर, आरोग्य विमा, गरोदरपण व बालसंगोपनाची तरतूद, आणि अनेक वर्षांचे करार करण्याची मुभा अशी त्याची कलमे होती. वर्तमानपत्रांनी पैशांचे आकडे छापले, पण धंदा करणारी बाई म्हणून मला शेवटचे कलम अधिक मोलाचे वाटते. त्यापूर्वी करार एका हंगामापुरता असे, आणि दर वर्षी संघ उसवून पुन्हा शिवावा लागे. २०२२ च्या विजयानंतर मिली बॉयल लगेच रूस्टर्सकडे गेली, हे त्याचेच उदाहरण. पुढच्या वर्षी आपण कुठे असणार हे ज्या खेळाडूला ठाऊक आहे ती शहरात घर भाड्याने घेते, शिक्षण पुरे करते, स्थानिक मुलींना शिकवायला जाते. पगार वाढला तरी किमान वेतनावरच्या खेळाडूला दुसरे काम सोडता येत नाही, हेही खरे आहे. पूर्णवेळ व्यावसायिक हा शब्द सगळ्यांना लागू होण्यास अजून अवकाश आहे.

त्या वर्षी नाइट्सनी उपांत्य सामना घरच्या मैदानावर, ब्रॉडमेडोत, ब्रिस्बेनविरुद्ध जिंकला. केवळ मुलींच्या सामन्यासाठी इतके लोक जमलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. नंतर १ ऑक्टोबरला टायटन्सना २४–१८ असे हरवून दुसरे विजेतेपद आले आणि दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचे पदक अप्टनला मिळाले. त्या मोसमात आमच्याकडे वर्षाची दुसरी गर्दी प्रथमच झाली. जुलैमध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू होताच पुढच्या वर्षी टार्शा गेल चषक या एकोणीस वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेसाठी निवड चाचणी द्यायची म्हणून तयारी करणाऱ्या मुली येऊ लागल्या. आयांचे प्रश्नही बदलले. सुरक्षित आहे का, हे विचारणाऱ्या आता कमी. चाचणीच्या आधी मिळेल का, हे विचारणाऱ्या जास्त. इथली एक मराठी काकू नातीला घेऊन आली तेव्हा मात्र म्हणाली, “दात गेले तर लग्नाचं काय, एवढंच बघ बाई,” आणि नात हसून ट्रे तोंडात घेऊन बसली.

२०२४ आणि २०२५ मध्ये विजेतेपद आले नाही. ग्रिफिथ्स गेले, अप्टन ब्रिस्बेनला परतली आणि २०२५ मध्ये ब्रिस्बेननेच अंतिम सामना जिंकला. त्याच वर्षी वॉरियर्स परत आले आणि कँटरबरी बुलडॉग्ज नव्याने आले, म्हणजे संघ बारा झाले. बारा संघांना पुरेशा तयार खेळाडू आहेत का, अशी कुरकुर ऐकू येते. माझ्या टेबलापुढच्या रांगेवरून मला ती पटत नाही. चौदा वर्षांच्या मुली आहेत, त्यांना तयार व्हायला चार-पाच वर्षे द्यावी लागतील. संघ जिंकेनासा झाला तर आमचे काम घटेल, ही यजमानांची भीती मात्र खोटी ठरली.

लॅबमध्ये आता तोंडात फिरवायचा स्कॅनर आला आहे. त्यामुळे गुलाबी लगदा आणि ओकारी या दोन्ही गोष्टी जवळजवळ संपल्या, साचा थ्रीडी प्रिंटरवर निघतो, आणि मुलीचे माप संगणकात राहत असल्याने हरवलेला माउथगार्ड तिला न बोलावता करून देता येतो. कर्ज काढून घेतलेले हे यंत्र अजून फिटायचे आहे. कवळीचे काम आम्ही सोडलेले नाही. सोमवार आणि गुरुवार त्यासाठी राखून ठेवले आहेत. पुढच्या मोसमासाठी मेटलंडच्या बाजूच्या दोन क्लबांनी चौदा वर्षांखालील मुलींच्या संघांची मागणी आधीच नोंदवली आहे, आणि मापे जानेवारीअखेरीस, शाळा उघडण्यापूर्वी, घ्यावीत असे ठरले आहे.