मारीचं बुडापेस्ट, मारीचं वेलेम

हंगेरीत आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. म्हणून हंगेरीची ही नटी तोरोचिक मारी. पुस्तकाच्या दुकानात, संग्रहालयाच्या यादीत किंवा जुन्या पोस्टरवर तिला ‘मारी’खाली शोधलंत तर हाती काही लागत नाही. उच्चाराचाही एक नियम आधीच पाठ करून ठेवा. तिथे नुसत्या ‘एस’चा उच्चार ‘श’ होतो, आणि ‘एस’ला ‘झेड’ जोडून आलं की ‘स’ होतो. हे उलटं म्हटलंत की ट्रामचा थांबाही कुणाला विचारता येत नाही.

जन्म 23 नोव्हेंबर 1935, हेवेश जिल्ह्यातल्या पेय या खेड्यात. मृत्यू 16 एप्रिल 2021. मधल्या काळात हंगेरीच्या रंगभूमीवर आणि पडद्यावर तिच्या तोडीची दुसरी बाई नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे. हा प्रवास तिच्या कामाच्या मागावरचा आहे. शहरातले दोन दिवस आणि पश्चिम सीमेजवळच्या वेलेम गावासाठी एक मुक्काम, एवढा वेळ हाताशी हवा. पेयला मी या फेरीत धरलेलं नाही. सार्वजनिक वाहनाने तिथे जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो आणि तिच्या कामाचं तिथे फारसं काही दिसत नाही.

निघण्यापूर्वी तीन चित्रपट पाहाच: ‘कोरहिन्ता’ (1956), ‘सेरेलेम’ (1971) आणि ‘देरीने होल वान?’ (1975). सबटायटल्स असलेली प्रत मिळवा, आणि डागडुजी केलेलीच मिळवा. ‘कोरहिन्ता’ची नवी प्रत 2017 साली फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखवली होती. जुन्या, खरवडलेल्या प्रतीत मारीच्या डोळ्यांतली चमक करड्या रंगात बुडून जाते, आणि तिचं निम्मं काम डोळ्यांतच आहे.

सुरुवात राकोत्सी रस्त्यापासून करावी. 21 नंबरला उरानिया हे चित्रपटगृह आहे, बाहेरून व्हेनिसच्या एखाद्या वाड्यासारखं. 1901 साली हंगेरीतल्या पहिल्या चित्रपटाचं काम याच इमारतीच्या गच्चीवर झालं. तिकीट काढून आत बसा, चित्रपट कुठलाही असो, कारण ते दालन बघण्यासारखं आहे. शेजारच्या वाश गल्लीत नाट्य आणि चित्रपट महाविद्यालयाची जुनी इमारत लागते. 1954 ते 1958 मारी तिथे शिकत होती. शिकत असतानाच दिग्दर्शक फाब्री झोल्तानने तिला ‘कोरहिन्ता’साठी निवडलं.

कोरहिन्ता म्हणजे जत्रेतला गोल फिरणारा पाळणा. इथे बहुतेक प्रवासी एक चूक करतात. बुडापेस्टच्या मोठ्या उद्यानात 1906 सालचा लाकडी घोड्यांचा सुंदर पाळणा आहे, आणि तोच चित्रपटातला असं समजून लोक फोटो काढून येतात. चित्रपटातला पाळणा साखळ्यांचा आहे. खुर्च्या साखळीने टांगलेल्या असतात, वेग वाढला की त्या बाहेर फेकल्या जातात आणि बसणारा अक्षरशः हवेत तरंगतो. लाकडी घोड्यावर बसून ते उडणं कळायचं नाही. एखाद्या जत्रेत साखळीचा पाळणा दिसला तर त्यात बसा.

गोष्ट साधी आहे. बापाला सामूहिक शेतीतून बाहेर पडायचं आहे आणि मुलगी जमीनदार शेजाऱ्याला देऊन दोन्ही शेतं एक करायची आहेत. मुलीचा जीव सामूहिक शेतीतल्या माते नावाच्या तरुणावर. या तरुणाचं काम शोश इम्रेने केलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात हे दोघं सगळ्यांदेखत नाचतात, तो प्रसंग घड्याळ न बघता पाहावा. नाच थांबत नाही. कॅमेरा त्यांच्याबरोबर गरगरतो, मागची माणसं, दिवे, भिंती पुसट पट्ट्या होऊन जातात आणि स्थिर राहतो तो फक्त मारीचा चेहरा. सुरुवातीला त्यावर आनंद आहे. मग दम लागतो, मग भीती येते, कारण होणारा नवरा कडेला उभा राहून बघतो आहे. तरी पाय थांबत नाहीत. मध्येच पाळण्यावरचं उडणं येतं आणि जातं. विशीतल्या विद्यार्थिनीने एका दमात आनंदापासून निश्चयापर्यंतचा हा रस्ता चेहऱ्यावर दाखवला आहे, संवादाची मदत न घेता. त्या वर्षी कानमध्ये चित्रपटाला बक्षीस मिळालं नाही. तेव्हा समीक्षक असलेल्या त्रुफोने मात्र त्याची जोरदार बाजू घेतली. शोश इम्रे पुढच्याच वर्षी, 1957 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. हे माहीत असताना तो नाच पुन्हा पाहवत नाही, आणि पाहिल्याशिवाय राहवतही नाही.

वाश गल्लीतून पाच-सात मिनिटं सरळ चाललं की ब्लाहा लुयझा चौक येतो. इथे तिचं पहिलं नाटकघर होतं. 1958 साली ती राष्ट्रीय नाट्यगृहात दाखल झाली तेव्हा ती मंडळी या चौकातल्या इमारतीत होती. आज तिथे इमारत शोधू नका. मेट्रोच्या कामाचं कारण देऊन ती 1965 च्या एप्रिलमध्ये सुरुंग लावून पाडली. जुन्या बुडापेस्टकरांच्या मनातून तो दिवस गेलेला नाही. पाडापाडीच्या आधीच मंडळींचं बिऱ्हाड नाज्यमेझो रस्त्यावर हललं, मग 1966 मध्ये हेवेशी शांदोर चौकात, आणि तिथे ते तीन दशकांहून जास्त राहिलं. ‘तात्पुरती सोय’ एवढी वर्षं टिकली. ब्लाहा चौकातून हेवेशी चौक पायी पंधरा मिनिटांवर आहे. त्या इमारतीला आता ‘मज्यर नाट्यगृह’ म्हणतात, त्यामुळे ‘राष्ट्रीय नाट्यगृह’ असा पत्ता विचारलात तर तुम्हाला शहराच्या दक्षिण टोकाला पाठवतील.

तिथे जायचंच आहे, पण जरा लांबून जा. ब्लाहा चौकातून 4 किंवा 6 नंबरची ट्राम पकडून मार्गित पुलाच्या पेश्तकडच्या, म्हणजे पूर्वेकडच्या टोकाला, यासाई मारी चौकात उतरा. ब्लाहा लुयझा गाणारी नटी, यासाई मारी शोकांतिकांची. दोघींचा जन्म 1850 चा आणि मृत्यू 1926 चा. यासाई चौकातून 2 नंबरची ट्राम दान्यूबच्या काठाकाठाने दक्षिणेला जाते. उजव्या हाताची खिडकी धरा, नदी त्या बाजूला आहे. ‘म्युपा – नेम्झेती सिनहाझ’ थांब्यावर उतरलात की समोर नवं राष्ट्रीय नाट्यगृह, आणि त्याच्या भोवतालच्या बागेला नाव बायोर गिझी या आणखी एका नटीचं. तीन नट्यांच्या नावांवरून एका ट्रामफेरीत जाता येतं असं दुसरं शहर मला माहीत नाही.

तिकिटाबद्दल. एकेरी तिकीट एका वाहनापुरतंच चालतं, ट्राम बदलली की नवं लागतं. ट्राममध्ये चढल्यावर यंत्रात घालून त्यावर शिक्का मारावा लागतो. खिशात कोरं तिकीट असणं म्हणजे तिकीट नसणं, तपासनीस तिथे काही ऐकून घेत नाहीत. या फेरीत चारपाच वेळा वाहन बदलतं, म्हणून 24 किंवा 72 तासांचा पास घ्या.

नवं नाट्यगृह 15 मार्च 2002 रोजी उघडलं. इमारत जहाजासारखी आहे. समोरच्या तळ्यात जुन्या नाट्यगृहाचा दर्शनी भाग आडवा पडल्यासारखा पाण्यात बुडवून ठेवला आहे. कुणाला हे दृश्य भडक वाटतं. मला ते योग्य वाटतं, कारण पाडलेल्या इमारतीची जागा शहरात इतरत्र कुठेच एवढी ठळक उरलेली नाही. बागेत नटनट्यांचे पुतळे आहेत, लातिनोवित्स झोल्तान, रुत्काई एवा, गोब्बी हिल्दा ही मारीच्या काळातली मंडळी. संध्याकाळी पाचच्या सुमारास जा, म्हणजे पुतळेही उजेडात दिसतात आणि प्रयोगाच्या आधीची गर्दीही. 2000 साली मारीला ‘राष्ट्राची नटी’ हा किताब मिळाला. 2008 मध्ये ती मरणाच्या दारातून परत आली, कोमातून उठली, आणि पुन्हा रंगमंचावर उभी राहिली.

दुसरा दिवस नदीपलीकडच्या बुदाच्या बाजूला. दिआक चौकातून 105 नंबरची बस साखळी पूल आणि बोगदा ओलांडून क्रिस्तीना चौकात आणते. हा भाग ‘एदेश आन्ना’चा. कोस्तोलान्यी देझ्योच्या कादंबरीवरचा हा चित्रपट फाब्रीनेच 1958 मध्ये केला, आणि त्यात मारी मोलकरीण झाली. 1919 चं बुदा, कचेरीतल्या साहेबाचं घर, आणि राबून राबून एका रात्री धन्याधनिणीला मारणारी मुलगी. आत्तिला रस्त्याने वेर्मेझो मैदानाच्या कडेने चालत गेलं की त्या काळच्या मध्यमवर्गीय इमारती दिसतात: पुढचा जिना मालकांचा, अंगणाकडचा नोकरांचा. एखादा दरवाजा उघडा असला तर आतल्या चौकात नुसतं डोकावा, आत शिरू नका. लोक राहतात तिथे.

क्रिस्तीना चौकालगतच्या होर्वाथ बागेत देरीनेचा पुतळा आहे, लिगेती मिक्लोशने घडवलेला. घेरदार झगा, हातात तंतुवाद्य. हंगेरियनमध्ये नवऱ्याच्या नावाला ‘ने’ जोडला की बायकोचं नाव होतं, म्हणून देरीने म्हणजे देरीबाई. पूर्ण नाव देरीने सेप्पताकी रोझा, 1793 ते 1872. जर्मन नाटकांचं राज्य असताना हंगेरियन भाषेतलं नाटक गाडीत घालून गावोगाव नेणारी ही गायिका-नटी. मारीचा नवरा मार द्युला याने तिच्यावर ‘देरीने होल वान?’ म्हणजे ‘देरीबाई कुठं आहेत?’ हा चित्रपट केला आणि 1976 साली मारीला कानमध्ये सर्वोत्तम अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं, दोमिनिक सांदाबरोबर विभागून. वय वाढलेली, रंगमंच सुटत चाललेली नटी त्यात आहे. आरशासमोर ती स्वतःच्या चेहऱ्याकडे बघते ते हत्यार तपासल्यासारखं. काम थोर आहे, चित्रपट मात्र संथ. रात्री दमून आल्यावर लावू नका.

नावांचा एक घोळ इथेच सोडवून टाकते. ‘सेरेलेम’चा (म्हणजे ‘प्रेम’चा) लेखक देरी तिबोर. त्याचा या देरीबाईंशी काही संबंध नाही. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या 1956 च्या उठावानंतर तो तुरुंगात गेला. त्याच्या म्हाताऱ्या आईला घरच्यांनी सांगितलं की मुलगा परदेशी चित्रपटाच्या कामाला गेला आहे. त्यातून कथा झाली, आणि दिग्दर्शक मक्क कारोयने परवानगीसाठी वर्षानुवर्षं थांबून 1971 मध्ये चित्रपट केला. त्यात काळ 1953 चा आहे. मारी यात सून आहे. तिच्या तुरुंगातल्या नवऱ्याचं काम करणारा दर्वश इवान स्वतः 1956 नंतर तुरुंगवास भोगून आलेला. सासू झालेली दर्वश लिली न्यूयॉर्कहून आली, ती नाटककार मोल्नार फेरेन्सची विधवा.

मारीचं सर्वांत मोठं काम हेच, बक्षिसाचं काहीही असो. सून लुत्सा खोटी पत्रं लिहिते आणि ती सासूकडे पोचतात. सासू भिंगाने वाचते, अमेरिकेतल्या मुलाचा थाट मोठ्याने सांगते. समोर बसलेली मारी ऐकते. बस, ऐकते. आपणच लिहिलेली थाप दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं, सासूने खोचक प्रश्न विचारला की तेच हसू तसंच थिजतं, आणि डोळे मात्र म्हातारीला हे सगळं कळलंय की काय याचा अंदाज घेत राहतात. नोकरी गेलेली, घरात परके भाडेकरू घुसवलेले, यातलं काही सासूला कळू द्यायचं नाही. नाटकातली माणसं बोलण्याची तालीम करतात. ऐकण्याचं काम शिकायचं असेल तर ही दहा मिनिटं पुन्हापुन्हा लावावीत.

105 नंबरचीच बस पुढे आपोर विल्मोश चौकापर्यंत नेते. तिथून थोडं चालून श्त्रोम्फेल्द आउरेल रस्त्यावर 16 नंबरला बायोर गिझी नटसंग्रहालय आहे. बायोर गिझीच्या बंगल्यात गोब्बी हिल्दाने 1952 मध्ये ते सुरू केलं. वेषभूषा, पत्रं, मुखवटे, रंगपेट्या. आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, वेळ आदल्या दिवशी बघूनच निघा.

मारीच्या ‘सेरेल्मेम, एलेक्त्रा’ (1974) या चित्रपटासाठी वेगळं कुठे जायची गरज नाही. दिग्दर्शक यान्चो मिक्लोशने तो आपाय पुस्ता नावाच्या सपाट माळावर जेमतेम बारा शॉटमध्ये केला. माळावर आज बघायला माळच आहे.

वेलेमसाठी सकाळची गाडी धरा. केलेती स्थानकावरून सोम्बात्हेयला जाणारी इंटरसिटी साधारण अडीच-पावणेतीन तास घेते. बुदाच्या बाजूला राहत असाल तर केलेनफोल्दला चढा, तिथे 4 नंबरची मेट्रो येते. इंटरसिटीला जागेचं आरक्षण वेगळं लागतं, ते तिकिटाबरोबरच काढा. सोम्बात्हेयहून कोसेगची छोटी गाडी 18 किलोमीटरची, अर्ध्या तासाच्या आत पोचते. कोसेगहून वेलेमला बस. शनिवार-रविवारी बसफेऱ्या कमी होतात, म्हणून परतीची शेवटची बस आधी लिहून घ्या आणि मगच टेकडी चढा. ऑक्टोबरमध्ये वेलेमला चेस्टनटचा उत्सव असतो, तेव्हा खोली मिळणं अवघड.

गाव एका उतारावर आहे, वरच्या अंगाला जुनी चेस्टनटची झाडं, त्याही वर सेंट विदची छोटी प्रार्थनाघर-टेकडी. वाट चढणीची आहे आणि पावसानंतर पानांवरून पाय घसरतात, खाच असलेल्या तळव्याचे बूट घाला. मारी आणि मार द्युला यांनी घर केलं ते इथे. बुडापेस्टच्या प्रयोगांना ती इथून जायची, या अंतराचा हिशोब तुम्ही नुकताच गाडीत बसून केलेला असतो.

दोघांची कबर गावच्या दफनभूमीत आहे. तो 2013 मध्ये गेला, ती 2021 मध्ये. फुलं न्यायची असतील तर कोसेगमध्येच घ्या. आणि विषम संख्येने घ्यायचा मोह टाळा: हंगेरीत जिवंत माणसाला विषम फुलं देतात, कबरीवर सम.