कोऱ्या जागेची नोंद

दृश्यकविता म्हणजे जिचा अर्थ शब्दांइतकाच त्यांच्या कागदावरील मांडणीत असतो अशी कविता. तिचे शब्द उतरवून ठेवले म्हणजे ती कविता जपली गेली, असे होत नाही. स्विस कवी ओयगेन गोमरिंगर यांच्या एका प्रसिद्ध कवितेत मौन या अर्थाचा एकच शब्द तीन स्तंभांत आणि पाच ओळींत 14 वेळा येतो, मधोमध एका शब्दाची जागा कोरी राहते आणि खरे मौन त्या कोऱ्या जागेतच असते. नक्कल करणाऱ्याने ती जागा अनवधानाने मिटवली, तर सगळे शब्द शाबूत राहूनही कविता नाहीशी होते.

म्हणूनच रूथ आणि मार्विन सॅकनर या दांपत्याचे काम मला फार मोलाचे वाटते. मार्विन हे व्यवसायाने फुप्फुसविकारांचे डॉक्टर होते. 1979 मध्ये अमेरिकेतील मायामीत या दोघांनी सुरू केलेला दृश्यकवितेचा संग्रह पुढे 75,000 हून अधिक वस्तूंचा झाला आणि 2019 मध्ये आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे गेला. ग्रंथपाल ज्याला पुस्तक म्हणत नाही आणि कलासंग्रहालय ज्याला चित्र मानत नाही, अशी पोस्टकार्डे, घडीपत्रके आणि टंकलिखित पाने त्यांनी पुस्तकांच्याच बरोबरीने सांभाळली. डॉम सिल्वेस्टर हुएदार या इंग्लंडमधील बेनेडिक्टाइन संन्याशाने टाइपरायटरच्या रंगीत फिती आणि कार्बन पेपर वापरून कागदावर आकृत्या उभ्या केल्या; त्यांचे कागद मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहेत. टाइपरायटरचा अक्षरखिळा कागदात किती खोल रुतला, हे मूळ पान हाती घेतल्याशिवाय नीट कळत नाही.

गोव्यात राहून या विषयाकडे पाहताना पोर्तुगालची आठवण अपरिहार्य आहे. तेथे 1964 मध्ये प्रायोगिक कवितेची पहिली वही निघाली, आणि त्या पिढीच्या साहित्याचा डिजिटल संग्रह आज पोर्तूच्या फेर्नांदु पेसोआ विद्यापीठातील अभ्यासकांच्या प्रयत्नाने सर्वांना खुला आहे. त्याच पिढीतील आना आतर्ली यांनी जुन्या ग्रंथसंग्रहांतून सतराव्या-अठराव्या शतकांतील चक्रव्यूहासारखी दृश्यकाव्ये शोधून काढली आणि नव्या म्हणवणाऱ्या कवितेला तिचे पूर्वज मिळवून दिले. जपून ठेवलेले कागद नसते, तर हा शोध लागलाच नसता.

आपल्याकडे पूर्वज शोधायला इतके लांब जावे लागत नाही. भारवीच्या किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गातील सर्वतोभद्र श्लोक चौकोनात मांडला की डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून सारखाच वाचता येतो. तो नुसत्या दोन ओळींत छापला की वाचकाला त्यातले काहीच दिसत नाही. आधुनिक काळात अक्षरकार र. कृ. जोशी यांनी देवनागरीच्या वळणांतूनच काँक्रीट कविता, म्हणजे अक्षरांच्या आकारातून उभी राहणारी दृश्यकविता, घडवली. तिचा अभ्यास करायचा तर मूळ छपाईच समोर हवी.

माझी खरी काळजी गोव्यातील हस्तलिखित अंकांची आहे. शाळांनी आणि वाचनालयांनी काढलेल्या या मराठी अंकांत समईच्या, होडीच्या किंवा तुळशीवृंदावनाच्या आकारात लिहिलेल्या कविता मी पाहिल्या आहेत. त्या साऱ्याच थोर आहेत असे मी म्हणणार नाही, पण आकार हाच त्यांचा छंद आहे आणि अशा अंकाची प्रत एकच असते. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाची परंपरा 1832 पर्यंत मागे जाते. ज्या शहरात छापील ग्रंथ इतका काळ सांभाळले गेले, तेथे या एकुलत्या एक प्रतींसाठीही एक कपाट असावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या पावसाळ्यातील दमट हवा, बुरशी आणि वाळवी यांच्यापुढे घरच्या पेटीतला कागद फार काळ टिकत नाही.

तोवर ज्यांच्या घरी असे अंक असतील, त्यांनी पानाच्या चारही कडा दिसतील असे छायाचित्र काढावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, पानाची मागची बाजूही टिपावी आणि कवितेला शीर्षक नसेल तर ते आपल्या मनाने देऊ नये. सूचीत शब्दांबरोबर कागदाचे माप, शाईचा रंग आणि कोरी सोडलेली जागा यांचीही नोंद करावी.